शुभहस्ते

नदी गावात शिरली तशी माणसं शाळेत आली. पंचायत समितीनं शिधा पाठवला आणि अक्काताई चौगुलेंच्या बचत गटानं खिचडी शिजवली. पण वाढायची सोय नव्हती. व्हरांड्यात ‘सभापतींच्या शुभहस्ते अन्नवाटप’ असा फलक लागला होता आणि ग्रामसेवक पातेल्यावरचं झाकण काढू देईना.

“साहेब वाटेत आहेत, काकू. फोटो झाला की वाढा.”

भुकेली पोरं झाकणाकडं बघून रडायला लागली. अक्काताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पूर कुणाच्या शुभहस्ते आला, भाऊसाहेब? त्यानं बघितली का कुणाची वाट?” असं म्हणून त्यांनी झाकण काढलं आणि पंगत बसवली.

सगळे जेवून उठले तेव्हा सभापती होडीतून उतरले, कडक इस्त्रीत, मागं फोटोवाला घेऊन. रिकामं पातेलं बघून ते भडकले.

“शुभारंभ माझ्या हस्ते होता ना? मग मला कशाला बोलावलं?”

“तुमच्यासाठी राखून ठेवलंय की,” अक्काताई म्हणाल्या. त्यांनी खरकट्या ताटांच्या ढिगाकडं बोट केलं आणि सभापतींच्या हातात काथ्या ठेवला. “ह्याला अजून कुणाचा हात लागलेला नाही. करा शुभारंभ. फोटोवाला आहेच.”