दोन बल्बांची फळी

"चाचा, पाचशे व्होल्टचा घेऊ, की आठशेचा?"

नेत्राने विचारलं खरं, पण आठशेवर तिचं मन कधीच बसलं होतं.

मिरजेच्या एका बोळात दस्तगीरचाचा जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत; त्यांच्यात शेकडो व्होल्ट खेळत असत. नेत्रा त्यांची शिष्या. इंजिनिअर, परीक्षेत पहिली आलेली, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. सहा महिने तिने धूळ पुसली, वायरी सोलल्या. पण चालू अ‍ॅम्प्लिफायरला चाचांनी तिला एकदाही हात लावू दिला नव्हता. ते तिला फार लागलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर तपासायला हवे तितके व्होल्ट देणारा आपला स्वतःचा झकास पॉवर सप्लाय आला की मग कसे अडवतील, असं तिला वाटत होतं.

म्हणून दोन पॉवर सप्लाय तिने पसंतीला आणले होते. एक आठशेचा, चकचकीत. दुसरा पाचशेचा, ओबडधोबड.

"दाखव," चाचा म्हणाले.

मीटर जोडून तिने आठशेचा चालू केला, चारशेवर आणला. काटा चारशेवरून जराही हलेना.

"किती देतो ते कळलं. थांबतो कसा?"

नेत्राला हसूच आलं. तिने बटण दाबलं. लाल दिवा विझला. मीटरकडे तिने पाहिलंही नाही.

"थांबला."

ती वायरी काढायला वाकली, तोच चाचांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

...

चाचांनी खुंटीवरची लाकडी फळी काढली. तिच्यावर दोन बल्ब, खाली दोन वायरी. झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात नेहमीसारखा पाठीमागे ठेवून त्यांनी वायरींची टोकं बंद पॉवर सप्लायला टेकवली.

दोन्ही बल्ब लख्खकन उजळून विझले.

बंद डब्यात चारशे व्होल्ट तसेच साठून होते. नेत्राने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"पुस्तकात होतं हे," ती हळूच म्हणाली. "मी पाठही केलं होतं."



मग तिने पाचशेचा चालू केला, चारशेवर नेला, बंद केला. मीटर लावून बघत बसली. काटा सावकाश उतरत उतरत शून्यावर टेकला.

"हा घेते."

"घे."

ती वायरी काढणार होती... थांबली. फळी उचलली. डावा हात पाठीमागे घेतला आणि टोकं टेकवली.

बल्ब लागले नाहीत.

"काटा तर शून्यावर होता," चाचा म्हणाले.

"होता."

चाचा बराच वेळ तिच्या पाठीमागच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या पुढ्यातला उघडा अ‍ॅम्प्लिफायर तिच्याकडे सरकवला.

"चालू कर."