देवाचा फोटो कसा पुसायचा

बटणांचे फोन जाऊन काचेचे आले, त्या काळची गोष्ट. आमच्या शेजारच्या शरयूकाकूंच्या फोनमधल्या फोटोंत कुजबुज सुरू झाली, "जागा संपलीय. आज काकू सगळे फोटो पुसणार, म्हणजे..." पुढचं गलक्यात कुणाला ऐकूच आलं नाही.

रोज सकाळी शुभेच्छांसोबत आलेले देवांचे फोटो निवांत होते. "आम्हाला पुसायला त्यांचा हात धजायचा नाही," ते नातीच्या हललेल्या फोटोला म्हणाले. "तू मात्र आवरायला घे बाबा. तुझ्यात तर पोरीचं नाकही दिसत नाही."

"ती पहिलं पाऊल टाकत होती. थांबणार कशी?" तो पुटपुटला.

काकू फोन घेऊन देव्हाऱ्यासमोर बसल्या. "देवा, तुम्ही इथे आहातच," असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि शुभेच्छांचे फोटो पुसले. मग बोट हललेल्या फोटोवर आलं.

पुसणार हे खरंच होतं, पण सगळे नाही. काकू तो फोटो मोठा करून बघत बसल्या.