भुकेनं न आलेला मासा

फार मागची गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही, कारण या गोष्टीत राजाचं काही काम नाही. ही गोष्ट एका गावाची, गावाखालच्या डोहाची आणि एका माशाची आहे. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनीही ऐकावी, जरा सावकाश.

त्या गावातली माणसं गळ टाकून मासे धरत. त्यांच्याकडे जाळी नव्हती असं नाही, पण डोहात जाळं टाकायचं नाही असा तिथला रिवाज होता. डोहात फक्त गळ. पुढं माशाची मर्जी.

आणखी एक रिवाज होता. मासा काठावर आला की मारण्याआधी त्याच्या अंगावर ओला हात ठेवायचा आणि त्याला सांगायचं, "तू तुझ्या भुकेनं आलास. मी तुला ओढून आणलं नाही." एवढं बोलून मग मासा टोपलीत टाकायचा. हे कुणी सुरू केलं ते कुणाला माहीत नव्हतं. पण हे बोललं की मन हलकं होई आणि जेवण गोड लागे. पोरं बोलू लागली की आया त्यांना हे वाक्य शिकवत.

संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर माणसं बसत आणि माशांच्या गोष्टी सांगत. तिथं थापेला बंदी होती. थाप पकडली गेली तर थापाड्याला त्या दिवशी साऱ्यांचे मासे साफ करून द्यावे लागत. त्यामुळे गोष्टी खऱ्या असत, आणि खऱ्या असूनही ऐकणारा चाट पडे. कुणी सांगे, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात माती खणताना चिखलात गाडलेला मरळ मासा सापडला, मुळीसारखा निपचित. पाण्याच्या घागरीत सोडला तर पोहायला लागला. कुणी सांगे, पावसात एक लांबलचक अहीर मासा ओल्या गवतातून या तळ्यातून त्या तळ्यात निघाला होता, पाहुण्याच्या घरी निघाल्यासारखा.

एकदा समुद्राकडचा एक मीठ विकणारा तिथं मुक्कामाला होता. तो म्हणाला, आमच्याकडं शिंगाळा म्हणून मासा असतो. त्याचा बाप अंडी तोंडात धरून फिरतो, आणि पिल्लं फुटून बाहेर पडेपर्यंत अन्नाला शिवत नाही.

सगळे हसले. मासे विकणारी एक म्हातारी म्हणाली, "माणसात असा एक बाप दाखव बाबा, मग माशाचं खरं मानते."

मीठवाल्यापुढं साफ करायला मासे ठेवलेच होते. पण म्हातारा नावाडी म्हणाला की याच्या तोंडावर थापेचा रंग दिसत नाही, सोडा त्याला. नावाडी घाटावरचा वडीलधारा होता. सगळे त्याला आबा म्हणत. त्यानं म्हटलं म्हणून मीठवाला सुटला.

हसणाऱ्यांत हैबती नावाचा एक माणूस होता. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता, कारण त्या दिवशी हसायला दुसरं कुणीतरी सापडलं होतं. एरवी लोक त्यालाच हसत.

त्याचं असं होतं. डोहातला सगळ्यांत मोठा मासा जो धरील, त्याला डोहाचा मान मिळे. पावसाळा संपून पाणी निवळलं की मानकऱ्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं, साऱ्या गावानं त्याच्यामागून म्हणायचं, आणि मग त्यानं वर्षाचा पहिला गळ टाकायचा. हैबतीचा बाप जन्मभर मानकरी होता. बाप गेला आणि मान रिकामा पडला. डोहात एक मोठा मरळ होता. श्वास घ्यायला तो वर येई तेव्हा त्याचं काळं डोकं सगळ्यांना दिसे, पण तो कुणाच्याच गळाला लागत नसे. हैबतीला वाटे, हा मान आपल्या घरचा आहे, तो दुसऱ्या घरी गेला तर बापाला काय वाटेल. म्हणून तो रोज डोहावर जाई, आणि रोज रिकाम्या हातानं परत येई.

"हैबती," लोक म्हणत, "तुझ्या बापाच्या गळाला मासे लागत. तुझ्या गळाला शेवाळ बरं लागतं. वाळवून विकत जा."

हैबती हसून सोडून देई. घरी आला की बायकोशी बोलत नसे.

एका पावसाळ्यात चांगली उघडीप पडली होती. डोहावर वाकलेल्या करंजाखाली हैबतीला पाण्यात लाल रंगाचा ठिपका दिसला. सुपाएवढा. कुणाचं वस्त्र वाहून आलं असावं असं त्याला वाटलं. पण तो ठिपका हलत होता, पसरत होता आणि पुन्हा गोळा होत होता. ती बारीक लाल पिल्लं होती, मोजता येणार नाहीत इतकी. आणि त्यांच्याखाली, सावलीसारखा, तो मोठा मरळ होता.

हैबती गळ न टाकता बघत बसला. पिल्लं वर आली की मासा वर येई. पिल्लं सरकली की मासा सरके. आजूबाजूला बारके मासे पळत होते, पण तो एकावरही तोंड टाकत नव्हता. तेवढ्यात काठावरच्या एका बेडकानं उडी मारली ती नेमकी त्या लाल ठिपक्यात. पाणी फाटल्यासारखं झालं. मासा बेडकावर तुटून पडला, त्याला तोंडात धरून पिल्लांपासून लांब नेलं आणि थुंकून टाकलं. गिळला नाही. लगेच परत फिरला.

त्याच क्षणी हैबतीला सगळं समजलं. मासा उपाशी राहून पिल्लं राखतो आहे हे समजलं, आणि त्याला कसं धरता येईल हेही. त्यातलं दुसरं तेवढं त्यानं जवळ ठेवलं.

त्यानं एक बेडूक धरला, गळाला लावला आणि त्या लाल पिल्लांच्या मधोमध टाकला.

मासा आला. आधी त्यानं बेडकाला डोक्यानं ढकललं. हैबतीनं दोर ओढून बेडूक पुन्हा पिल्लांत आणला. मासा परत आला, पुन्हा ढकललं. हैबतीनं पुन्हा आणला. शेवटी माशानं तोंड उघडलं, बेडूक धरला आणि तो लांब नेऊ लागला. हैबतीनं झटका दिला.

झुंज बराच वेळ चालली. मासा काठावर आला तेव्हा दोघांचीही दमछाक झाली होती. डोहाकडून हैबतीचा आरडाओरडा ऐकून लोक धावत आले. म्हातारा नावाडीही काठी टेकत आला. एवढा मोठा मरळ त्यांनी पाहिला नव्हता. शेवाळाची थट्टा करणाऱ्यांनीच हैबतीला खांद्यावर घ्यायला हात पुढं केले.

"आधी वाक्य म्हण," नावाडी म्हणाला.

हैबतीनं माशाच्या अंगावर ओला हात ठेवला. माशाच्या कल्ल्यांची उघडझाप चालली होती. लोक वाट पाहत होते. त्याला वाटलं, आपण आत्ता बोललो नाही तर हे विचारतील, का रे बाबा, आणि मग सांगावं लागेल.

"तू तुझ्या भुकेनं आलास," तो म्हणाला. "मी तुला ओढून आणलं नाही."

मासा मेला. त्या दिवशी गावजेवण झालं. चिरायला मासा हैबतीच्या बायकोनं घेतला होता. ती चुलीपाशी बसून हातातल्या विळीकडं पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, एवढा मोठा जीव, आणि पोटात काहीच नाही. किती दिवस उपाशी होता हा?"

हैबती म्हणाला की मोठ्या माशांचं असंच असतं. पंक्तीत त्याच्या पानात पहिला तुकडा वाढला होता. तो त्यानं खाल्ला. चव कशी होती असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याला डोहावर जायचं नव्हतं, तरी पाय तिकडंच गेले. लाल ठिपका करंजाखालीच होता. पिल्लं त्याच जागी गोल गोल फिरत होती. वर येत होती, खाली जात होती, आणि त्यांच्याखाली काही नव्हतं. ठिपका आता सुपाएवढा राहिला नव्हता. उथळ पाण्यात एक बगळा उभा होता. मान लांबवून तो एकेक पिल्लू सावकाश उचलत होता.

हैबतीनं दगड उचलून भिरकावला. बगळा दोन पावलं बाजूला झाला.

"मला का मारतोस?" बगळा म्हणाला. "मला भूक लागली आहे म्हणून मी खातो. त्यांचा राखणदार मी नेलेला नाही."

हैबतीनं हातातला दुसरा दगड खाली टाकला. घरी येऊन तो पांघरूण घेऊन पडून राहिला. पुढच्या खेपेला गेला तेव्हा ठिपका तळहाताएवढा होता. त्यानंतर करंजाखाली नुसतं पाणी होतं.

गावात मात्र त्याचा भाव वाढला होता. घाटावर त्याला वरची पायरी मिळू लागली. माशाची गोष्ट सांग, असा लोक आग्रह करत, आणि तो दोर किती ताणला गेला, मासा कसा उसळला, ते सांगे. बेडकाचं सांगे. पिल्लांचं सांगत नसे. त्याच्या गोष्टीत एक शब्दही खोटा नव्हता, त्यामुळे कुणाला थाप पकडता आली नाही. लोकांनी वाहवा केली की त्याची मान खाली जाई. लोक म्हणत, बापासारखाच आहे हो, मोठेपणाचा ताठा नाही. ते ऐकून त्याला पायरीखाली शिरावंसं वाटे.

बायकोला त्यानं एका सकाळी सगळं सांगितलं. मग तिनं एवढंच विचारलं, "आणि मी तो आनंदानं वाढला सगळ्यांना?"

पाणी निवळलं. पहिल्या गळाचा दिवस आला. सारं गाव घाटावर जमलं. आयांनी कडेवरची पोरं आणली होती. हैबती नवा पंचा नेसून गुडघाभर पाण्यात उभा राहिला. गळ त्याच्या हातात होता. बाप जिथं उभा राहायचा तीच ती जागा.

"म्हण रे," मागून नावाडी म्हणाला.

"तू तुझ्या," हैबती म्हणाला. लोकांनी म्हटलं, "तू तुझ्या." पोरांनी बोबडं म्हटलं. आणि हैबती थांबला. लोकांना वाटलं, वाक्य विसरला. कुणीतरी हसून पुढचा शब्द सांगितला.

तेव्हा हैबती काठाकडं वळला. त्यानं गळ हातातून पाण्यात सोडून दिला आणि डोळे वर न करता सगळं सांगितलं. लाल पिल्लं सांगितली. माशानं बेडूक ढकलला, पुन्हा ढकलला, ते सांगितलं. रिकामं पोट सांगितलं, बगळा सांगितला.

"तो भुकेनं आला नव्हता, आबा," तो म्हणाला. "मला माहीत होतं. माहीत असून मी ते वाक्य म्हणालो."

लोकांनी आपल्याला शिव्या द्याव्यात असं हैबतीला वाटत होतं. कुणी दिल्या नाहीत. मासे विकणाऱ्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मग नावाडी पुढं आला.

"तो मासा आम्हीही खाल्ला," तो म्हणाला. "चव घेऊन खाल्ला. मी दुसऱ्यांदा मागून घेतला होता, पोरा."

मग आपल्या काठीकडं पाहत तो म्हणाला की मीही जन्मभर ते वाक्य म्हणत आलो. माझ्या गळाला लागलेले सगळे भुकेनंच आले होते का, ते मी एकदाही पाहिलं नाही. वाक्य म्हटलं की पाहावं लागत नसे.

त्या दिवशी डोहात कुणी गळ टाकला नाही. माणसं आपापल्या टोपल्या रिकाम्याच घेऊन, एकमेकांकडं न बघता घरी गेली. हैबतीचा मान गेला. तो पुन्हा कुणालाही द्यायचा नाही असं गावानं ठरवलं.

मासे धरणं काही थांबलं नाही. माणसांना पोटं होती. पण पाण्यात लाल ठिपका दिसला की लोक तिथून गळ उचलून लांब जाऊ लागले. आणि जुनं वाक्य म्हणायला कुणाची जीभ वळेना. त्याऐवजी ती माणसं माशाच्या अंगावर ओला हात ठेवून एवढंच म्हणू लागली, "तुला मी आणलं." हे म्हटल्यावर मन हलकं होत नसे. टोपली भरण्याआधीच हात थांबे.

हैबती म्हातारा झाला. डोहाकाठी बसून तो लहान मासे धरी, पोटापुरते. गावानं त्याला केव्हाच माफ केलं होतं. पण करंजाखालच्या त्या पाण्यात पुन्हा कुठल्याच पावसाळ्यात लाल ठिपका दिसला नाही, आणि तो रोज सकाळी तिथं बघायला जायचं काही सोडत नसे.

म्हणून सांगतो, आपल्या हातून जे घडलं ते आपलं म्हणावं. ज्याचं नुकसान केलं, त्याच्याच माथी ते मारू नये.