पिंपळगडच्या पर्यटन खात्याचा निवृत्ती

घाटमाथ्यावर पिंपळगड नावाचं एक लहानसं शहर होतं, आणि त्या शहरात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव निवृत्ती. नोकरी मात्र त्याला नुकतीच लागली होती.

पिंपळगडला किल्ला होता, तळं होतं, खोल पायऱ्यांची बारव होती. नगरपालिकेचं एक छोटं संग्रहालयसुद्धा होतं. नव्हते ते फक्त पर्यटक. ते सगळे घाटाखाली मोहनपेठेला जात. मोहनपेठेत बघण्यासारखं काही नव्हतं, पण तिथला रस्ता चांगला होता आणि चहा गरम मिळायचा.

तशात सरकारनं ठरवलं, की या दोन शहरांपैकी एकाला पर्यटनाचं मुख्य केंद्र करायचं. ज्याला केंद्र मिळेल त्याचा रस्ता होणार, आसपासच्या बारा वाड्यांच्या हातांना काम मिळणार. नगराध्यक्षा वत्सलाताई जगदाळे पदर खोचून उभ्या राहिल्या. त्यांनी पालिकेत पर्यटन कक्ष उघडला आणि एक चांगला शिकलेला कारकून बसवला. तो कारकून प्रत्येक गोष्टीला ‘पण ताई’ म्हणायचा. आठ दिवसांत ताईंनी त्याला पाणीपट्टीच्या खिडकीवर धाडलं.

“मला शहाणा माणूस नको,” ताई म्हणाल्या. “सांगितलेलं अक्षरशः करणारा माणूस द्या.”

असा माणूस गावात एकच होता.

नोकरी सहा महिन्यांची होती. केंद्र मिळालं तर कायम होणार होती. निवृत्तीच्या बायकोनं, हौसानं, पहिल्या दिवशी त्याला दही-साखर दिली आणि म्हणाली, “डोकं चालवू नका. ताई सांगतील तेवढंच करा.”

“तेवढंच करतो,” निवृत्ती म्हणाला. त्याला बरं वाटलं. डोकं चालवायचं नाही म्हटल्यावर कामाचा अर्धा भार कमी झाला होता.

ताईंनी त्याला समोर बसवलं. “हे बघ निवृत्ती, आपल्याकडे माणूस येतो, तासभर हिंडतो आणि जातो. त्याला जाऊ द्यायचं नाही. मुक्काम झाला पाहिजे. मुक्काम झाला की तो जेवतो, विकत घेतो, चार जणांना सांगतो. कळलं?”

“कळलं ताई.”

“काय कळलं?”

“जाऊ द्यायचं नाही. मुक्काम झाला पाहिजे.”

निवृत्तीला सांगितलेलं सगळं पाठ व्हायचं. त्या बाबतीत त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी सांगलीकडचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मंडळी मोटारीतून किल्ला बघायला आले. ते दोघं वर तोफ बघत होते, तेव्हा निवृत्तीनं खाली मोटारीच्या चारही चाकांची हवा सोडली. मास्तर खाली आले तेव्हा तो मोटारीपाशीच हात बांधून उभा होता.

“हवा कुणी सोडली?” मास्तरांनी विचारलं.

“पालिकेनं,” निवृत्ती म्हणाला. “तुमचा मुक्काम झाला पाहिजे.”

मुक्काम झाला. मास्तर धर्मशाळेत राहिले आणि तिथूनच त्यांनी सात ठिकाणी तक्रारी लिहिल्या.

ताईंनी कपाळावर हात मारला. “अरे, पाहुण्याला जबरदस्ती नसते करायची! पाहुणा निघाला की स्वतः उठून दार उघडायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, ‘सावकाश जा, परत या.’ कळलं?”

“कळलं ताई. दार उघडायचं, हात जोडायचे, सावकाश जा, परत या.”

चार दिवसांनी निवृत्ती संग्रहालयाच्या दारात बसला होता. आतून एक माणूस घाईघाईनं बाहेर आला. त्याच्या काखेत किल्ल्याच्या सरदारांची जुनी तलवार होती. निवृत्ती ताडकन उठला. त्यानं दार सताड उघडलं, हात जोडले आणि म्हणाला, “सावकाश जा, परत या.”

माणूस पाच मिनिटांनी खरंच परत आला. म्यान राहिलं होतं. निवृत्तीनं ते त्याला फडक्यानं पुसून दिलं.

संध्याकाळी तो आनंदानं ताईंकडे गेला. “ताई, परत या म्हटलं तर खरंच परत येतात हो!”

तलवार पुढं पोलिसांना एस.टी.त सीटखाली सापडली, म्यानासकट. पण ताईंचा आवाज त्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे गेला. “जाणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघायचं नाही का? हातात वस्तू दिसली की काढून घ्यायची, चिठ्ठी लावायची, कपाटात ठेवून कुलूप घालायचं!”

“आता तसंच करतो ताई.”

रविवारी कोल्हापूरहून ज्येष्ठ नागरिकांची सहल आली. चाळीस माणसं. त्यांनी तळ्याकाठी डबे खाल्ले आणि ती निघाली. फाटकाशी निवृत्ती उभा होता. तो प्रत्येकाचे हात बघत होता. त्यानं डबे काढून घेतले, छत्र्या घेतल्या, काठ्या घेतल्या, एका आजीबाईंची जपमाळ घेतली. एक आजोबा नळावर कवळी धुऊन ती हातातच घेऊन आले होते. त्यांना निवृत्तीनं थांबवलं.

“ही वस्तू कुठली?”

“माझी हाये,” आजोबा बोळक्या तोंडानं म्हणाले.

“सगळे असंच म्हणतात,” निवृत्ती म्हणाला, आणि त्यानं कवळीला चिठ्ठी लावली.

ताईंनी स्वतः येऊन कपाट उघडलं. कुठली काठी कुणाची हे ठरवण्यात दोन तास गेले. सहल गेल्यावर ताई पायरीवर बसल्या. त्यांचा घसा बसला होता.

“निवृत्ती,” त्या हळू म्हणाल्या, “लोकांचं घेऊ नकोस रे. आपलं काय आहे ते लोकांना सांग. पाट्या लाव. जिथं जे आहे तिथं ते लिही. बाण काढ. बाहेरच्या माणसाला कुणाला विचारायची गरज पडता कामा नये.”

हे काम निवृत्तीला मनापासून आवडलं. त्याचं अक्षर चांगलं होतं. आठ दिवस तो रंगाचा डबा घेऊन गावभर हिंडला. बाजाराच्या तोंडाशी पाटी लागली: ‘येथे खड्डा आहे.’ पुढं बाण: ‘याहून मोठा खड्डा, पन्नास पावले.’ सार्वजनिक नळावर: ‘येथे पाणी येत नाही.’ खानावळीवर: ‘येथील आमटी काल केलेली आहे.’ आणि नगराध्यक्षांच्या फाटकावर: ‘येथे ताई राहतात. दोन ते चार झोपतात.’

किल्ल्यावरची पाटी राहून गेली. किल्ला एवढा मोठा, तो कुणालाही दिसतोच, असं त्याला वाटलं.

मुंबईहून आलेल्या दोन मुलींनी खड्ड्याशेजारी उभं राहून फोटो काढले आणि ते मोबाइलवर सगळीकडे गेले. मोहनपेठेत लोक ते एकमेकांना दाखवून हसले. निवृत्तीला मात्र अभिमान वाटला. पिंपळगडचं नाव इतक्या लांब कधी गेलं नव्हतं.

“वाईट असतं ते झाकायचं असतं!” ताई म्हणाल्या. “पाहुणे येताना दिसले, की वाईट दिसणाऱ्या गोष्टीवर कापड टाकायचं. हे तरी कळलं?”

“कळलं ताई. वाईटावर कापड.”

त्याच आठवड्यात घेरेवाडीचे सरपंच सर्जेराव थोरात पालिकेत आले. घेरेवाडीला मोठा धबधबा होता. सर्जेरावांचं गाऱ्हाणं होतं, की पिंपळगड फक्त स्वतःचाच डांगोरा पिटतं आणि वाड्यांचं नावही घेत नाही. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

मग ते ताईंच्या उत्तराची वाट बघत बाहेरच्या खोलीत ताटकळत बसले, तेव्हा ताई आत दात-ओठ खात पुटपुटल्या, “हा सर्जेराव म्हणजे एक नंबरचा वाईट माणूस.”

निवृत्तीनं ते ऐकलं. तेवढ्यात दारात नाशिककडचे पाच-सहा पाहुणे आले. निवृत्ती धावला. सतरंजी हाताशीच होती. त्यानं ती सर्जेरावांवर टाकली आणि चारही टोकं खुर्चीच्या पायांना बांधली.

“हे काय आहे?” एका पाहुण्यानं हलणाऱ्या सतरंजीकडे बोट दाखवून विचारलं.

“वाईट आहे,” निवृत्ती म्हणाला. “तुमच्या बघण्यासारखं नाही. या, तळं दाखवतो.”

सर्जेराव सुटले तेव्हा त्यांच्या फेट्याची पार घडी विसकटली होती. बारा वाड्यांचे सरपंच एक होऊन मोहनपेठेच्या बाजूला जाणार, अशी बोलणी सुरू झाली. ताई स्वतः घेरेवाडीला गेल्या, सर्जेरावांच्या घरी भाकरी खाल्ली, माफी मागितली. खरं सांगायचं तर त्यांना सर्जेरावांचं म्हणणं पटलंही. धबधब्याला आलेला माणूस किल्ल्यावर येणार, किल्ल्यावर आलेला विणकरवाडीत घोंगडी घेणार. एकट्या शहराचं काही खरं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी निवृत्तीला शांतपणे समजावलं. “सगळी पंचक्रोशी म्हणजे एक घर समज. शहर म्हणजे ओसरी, विणकरवाडी म्हणजे माजघर, घेरेवाडीचा धबधबा म्हणजे परसातली न्हाणी. पाहुणा वेशीतून आत आला, की तो आपल्या घरात आला.”

निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

सकाळी तो पंचक्रोशीच्या वेशीवर, चौदा किलोमीटरवर जाऊन बसला. येईल त्या पाहुण्याला गाडीतून उतरवून म्हणाला, “जोडे इथं काढा. घर आहे.” दुपारपर्यंत त्याच्यापाशी एकशे साठ जोड जमले आणि धबधब्याच्या वाटेवर सगळीकडून ‘आई गं’ ऐकू येऊ लागलं. बाभळीचे काटे काढता काढता घेरेवाडीची सुईण दमून गेली.

आता केंद्र ठरवणारी सरकारी समिती यायला दोनच दिवस उरले होते. रविवारी समितीचे रणदिवे साहेब दोन्ही शहरांत जाऊन बाहेरून आलेली माणसं मोजणार आणि तिथंच निकाल देणार होते. पिंपळगडला तर आता अनवाणी माणूससुद्धा फिरकेना. ताई रात्रंदिवस विचार करत होत्या. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. गावातल्याच लोकांनी टोप्या घालून, गळ्यात पिशव्या अडकवून किल्ल्यावर हिंडायचं. साहेबांना काय कळतंय कोण कुठला?

पण हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. शनिवारी सकाळी साहेबांना आणायला ताई जिल्ह्याच्या गावी निघाल्या. जीपमध्ये सर्जेराव शेजारी होते. ताईंनी काच खाली करून निवृत्तीला एवढंच सांगितलं, “हे बघ, उद्या गावातला एकूण एक माणूस पर्यटक झाला पाहिजे. काय समजायचं ते समज.”

“समजलो ताई.” जीप हलली, तसा निवृत्ती बाजूनं पळू लागला. “पण ताई, पर्यटक म्हणजे नक्की कोण?”

“अरे देवा! आपलं गाव सोडून जो दुसऱ्याचं गाव बघायला जातो, तो पर्यटक!”

आणि जीप गेली.

निवृत्ती जन्मात कधी राबला नव्हता तसा त्या दिवशी राबला. त्यानं रिक्षावर कर्णा बांधून दवंडी दिली. ट्रक मिळवले, टेम्पो मिळवले, ऊसवाल्यांचे ट्रॅक्टर मिळवले. कुरकुरणाऱ्यांना सांगितलं, “ताईंचा हुकूम आहे, गावाच्या रस्त्याचा प्रश्न आहे.” रस्त्याचं नाव काढल्यावर म्हातारी माणसंसुद्धा उठली. बँडवाले आले. खानावळवाला आमटीच्या पातेल्यासकट आला. हौसा नवं लुगडं नेसून पुढच्या ट्रॅक्टरवर बसली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. एवढी माणसं आपल्या नवऱ्याचं ऐकतात हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

रविवारी दहा वाजता ताईंची जीप साहेबांना घेऊन पिंपळगडात शिरली. बाजार बंद. किल्ला रिकामा. तळ्याकाठी एक म्हैस बसली होती.

“माणसं कुठं आहेत?” रणदिवे साहेबांनी विचारलं.

“असतील इथंच,” ताई म्हणाल्या. त्यांनी चार घरांची दारं वाजवली. दारांना कुलपं होती.

साहेबांनी वहीत शून्य लिहिलं आणि जीप मोहनपेठेकडे वळवायला सांगितली. मोहनपेठेच्या अलीकडे दोन किलोमीटरवरच जीप थांबली. पुढं गर्दीनं रस्ता भरला होता. बँड वाजत होता. मोहनपेठेचे नगराध्यक्ष हार घेऊन भांबावून उभे होते. त्यांच्या गावाला एवढे पाहुणे कधी आले नव्हते. चहाच्या टपऱ्यांवर दूध संपलं होतं. लोक पाण्याची टाकी बघत होते, पोस्ट ऑफिस बघत होते आणि खरंच छान आहे म्हणत होते.

रणदिवे साहेब खाली उतरले. त्यांचे दोन मदतनीस नाक्यावर मोजत होते. “चार हजार तीनशे बारा,” एकानं सांगितलं. “सगळे बाहेरगावचे. नाव-गाव विचारून घेतलंय साहेब.”

साहेबांनी मान डोलावली आणि वही उघडली. ताई जीपमधून उतरल्या.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत निवृत्ती आला. अंगावर धूळ, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर घाम. ताईंना बघून त्याचा चेहरा उजळला.

“एकूण एक माणूस आणला ताई! सकाळपासून जिवाला एकच घोर होता. यादीत एक नाव कमी पडत होतं.” मग तो लगबगीनं साहेबांकडे वळला आणि त्यानं वहीवर बोट ठेवलं.

“साहेब, चार हजार तीनशे तेरा करा. आमच्या ताईपण आल्या.”