दुर्गव्वाचा पेला

चर्चच्या पायरीला लागून खडकात हा जो खळगा दिसतो, पेल्याएवढा गोल, त्याला दुर्गव्वाचा पेला म्हणतात. फोटो काढायचा तर काढा, पण त्यात पाय देऊ नका. पावसाळ्यात सगळी टेकडी पाझरते, बाजूच्या खाचा तुंबून त्यांत बेडूक होतात, पण या खळग्यात पाणी ठरत नाही. ओतलं की गेलं. खाली तडा असेल म्हणाल, तर असेल. मी चौथी शिकलेली बाई, मला त्यातलं कळत नाही. ऐकलं तसं सांगते.

पाहुणे आले की आमची माणसं त्यांना घंटा दाखवतात, रंगीत काचा दाखवतात. खळग्याचं कुणी विचारलं तर 'काही नाही, जुनं आहे' म्हणतात. म्हणून मलाच सांगावं लागतं.

हे चर्च वडारांनी बांधलं. दगड फोडला त्यांनी, घडवला त्यांनी, टेकडीवर चढवला त्यांच्या बायांनी. खाली ओढ्याकाठी त्यांची पालं होती. दुर्गव्वा ही त्यांच्या मुकादमाची बायको, पण पालांवर शब्द तिचाच चालायचा. काम चालू असताना सुरुंगाचा दगड उडून तिच्या नवऱ्याची मांडी फुटली. तेव्हा इथले पाळक याकोब, त्यांची बायको सारूबाई टेकडी उतरून पालात गेली. रोज जाऊन जखम धुवायची, आणि असं सांगतात की तिच्याबरोबर बसून दुर्गव्वाच्याच ताटलीत भाकर खायची. नवरा उठून चालायला लागला तेव्हा दुर्गव्वानं विचारलं, "बाई, तुला ह्ये कुणी शिकवलं?"

"आमच्या प्रभूनं."

"मग मला त्येच्या घरात यायचंय."

पालांवरच्या लोकांनी ठरवलं म्हणे, आधी दुर्गव्वानं जाऊन बघावं. तिला तिथं बरं वाटलं तर मागोमाग सगळेच येतील.

तिचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा पेला एकच असायचा, चांदीचा, मिशनच्या गोऱ्या साहेबांच्या देशातून आलेला. सगळी मंडळी त्यालाच ओठ लावायची. आमच्या पणज्यांना त्या एका पेल्याचंच तर अप्रूप होतं. गावानं त्यांना जन्मभर लांबून, वरून, ओंजळीत पाणी ओतलेलं.

त्या रविवारी दुर्गव्वा नवं लुगडं नेसून रांगेत गुडघे टेकून बसली. पालांवरची माणसं दारात उभी राहून बघत होती. चांदीचा पेला तिच्या शेजारणीपर्यंत आला, आणि पाळकांनी तो उचलून तिला सोडून पुढच्या बाईला दिला. मग मेजाखालून दुसरा काढला. पितळी, कल्हई उडालेला. तो तिच्यापुढं धरला.

सारूबाई उठून उभी राहिली. "अहो, मामंजींना गावानं असंच पाजलं ना जन्मभर?"

"खाली बैस. घुशी-उंदीर खाणारी माणसं ती. त्यांचं उष्टं आपण तोंडाला लावलं असं कळलं, तर पाटलाच्या ओट्यावर आत्ता कुठं बसायला मिळतंय तेही जाईल. आणि देवाच्या घरात बाईनं बोलू नये."

आमचे पणजे मेलेलं ढोर ओढायचे आणि तेच शिजवून खायचे. एका पिढीत विसरले!

आणि सारूबाई बसली. हे सांगताना माझं डोकं फिरतं. पू धुवायला भ्याली नाही ती बाई, नवऱ्याला भ्याली.

दुर्गव्वा रडली नाही, भांडली नाही. पितळी पेला घेऊन तशीच बाहेर आली. दारातल्या माणसांनी विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई. गावातल्यावानीच हाये."

मग इथं वाकली आणि पेला खडकावर उपडा घातला. खडक लोण्यासारखा खचला म्हणे, आणि रस बघता बघता आत गेला. एक थेंब वर राहिला नाही. त्याच दिवशी पालं उठली, ती ओढ्यापलीकडं बसली. आज तिथंच वडारवाडी आहे.

दुर्गव्वाला अक्षर येत नव्हतं. आमचं शास्त्र तिला सारूबाईच्या हातांनी कळलं, आणि याकोबांच्या हातांनी कळलं. दुसरं खरं धरलं तिनं. कोण नाही धरणार?

म्हातारपणी पाळक याकोबांना घोट गिळवेना. तेव्हा त्यांनी मंडळीला शपथ घातली, असं सांगतात, की दर प्रभुभोजनाला पहिला पेला त्या खळग्यात ओतत जा, तिचा वाटा तिला पोचू दे. दुर्गव्वा तेव्हा जिवंत होती. ओढा ओलांडायला किती वेळ लागतो? पण ओढा ओलांडा असं नाही सांगितलं त्यांनी. खडकात ओता म्हणाले.

आजही ओततात. मंडळीचे पंच डोळे मिटून उभे राहतात, तोंडं अशी करतात की बघणाऱ्याला वाटावं, काय नम्र माणसं. आणि आजही वडारवाडीचा माणूस पाटा-वरवंटा विकत उन्हातान्हात या रस्त्यानं गेला, तरी आमच्या दारी पाणी मागत नाही.

गेल्या साली नवे पाळक ईस्टरचं आमंत्रण द्यायला त्यांच्यात गेले. तिथल्या एका म्हातारीनं विचारलं, "पेला येकच का अजून?" पाळक कौतुकानं म्हणाले, "नाही आजी, आता स्वच्छतेसाठी ज्याचा त्याचा छोटा ग्लास असतो." म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "म्हंजे आता समदेच वडार झालासा व्हय!"

तरी त्यांच्यातली काही तरणी माणसं यायला तयार झाली. पाळक आनंदानं धावत आले, मंडळीची सभा बोलावली. वडील पंच उठून गोड आवाजात म्हणाले, "येऊ द्या की. पण इथं बिचारे बुजतील. त्यांच्या वाडीतच त्यांची वेगळी उपासना घेऊ. त्यांनाही मोकळं वाटेल."

हात वर झाले. पाळकांचाही झाला, जरा उशिरा. माझा खालीच होता. तरी एकमतानं पास झालं, असंच जाहीर केलं.