स्टेअरिंगवरचं लाल फडकं

एका घाटमाथ्यावरच्या गावात दोघे भाऊ राहत होते. थोरला हुन्नरी आणि धाकटा भाबडा. घरात त्यांची आई होती, आणि दाराशी पंचवीस वर्षांची एक जुनी मोटार. तिचा रंग उडालेला, दार लावायचं तर दोनदा आपटावं लागे. पण चालायची. चालायची म्हणजे काय, थोरला तिला चालती ठेवायचा.

ह्या थोरल्याने उभ्या आयुष्यात गॅरेजची पायरी चढली नव्हती. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, क्लचची केबल टाकणं, सायलेन्सरला पत्रा ठोकणं, सगळं अंगणातच. सुट्टीचा दिवस आला की हा गाडीखाली, आणि बाहेर दिसायचे ते फक्त पाय. खोटं कशाला बोला, हात चांगला होता त्याचा. गावचा मिस्त्रीसुद्धा म्हणायचा, "पोटावर पाय आणतो माझ्या, पण काम चोख करतो." वाईट एवढंच, की आपला हात चांगला आहे हे थोरल्याला जरा जास्तच माहीत होतं.

त्यांचे वडील मालट्रक चालवायचे. ते गेले, पण जाताना घरात एक नियम ठेवून गेले. गाडीचं काम अर्धं राहिलं तर स्टेअरिंगला लाल फडकं बांधायचं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, आणि तेही काम पुरं करून, स्वतः एक चक्कर मारून आल्यावर. थोरल्याने हा नियम धाकट्याला अगदी पाठ करून घेतला होता. "फडकं दिसलं की चावीला हात लावायचा नाही. फडकं नसलं की खुशाल न्यायची, मला विचारायलाही येऊ नकोस." धाकट्याने तेवढंच धरून ठेवलं होतं. थोरल्याचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द.

त्या वर्षी नवरात्रात गाडीचं मागचं एक चाक ब्रेकचं ऑइल गाळायला लागलं. शेजारचे दौलतराव कुंपणावरून म्हणाले, "अरे, घाटातली गाडी आहे. ब्रेकचं काम मिस्त्रीला दाखव. उगीच हौस नको."

थोरल्याला ते लागलं. "काका, दसऱ्याला हीच गाडी दुरुस्त करून, हार घालून दारात उभी करतो की नाही बघा!"

"बघतो बाबा," दौलतराव हसून म्हणाले. "दसरा काही लांब नाही."

आता घडलं असं, की ब्रेकचं रबर तालुक्याहून यायला उशीर झाला. ते आलं अष्टमीच्या दुपारी. थोरल्याने लगेच गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, हॅन्डब्रेकची वायर सोडवली, जुनं रबर काढून नवं बसवलं. तोवर उजेड गेला. ऑइलच्या नळीचा नट त्याने बोटांनी दोन आटे फिरवून ठेवला, आणि ठरवलं, सकाळी पान्ह्याने आवळू, ब्रेकमधली हवा काढू, वायर जोडू, की झालं.

पण सकाळ उजाडली ती खंडेनवमीची. थोरला अंगणात यायच्या आत आई न्हाऊनधुऊन, पाट मांडून बसली होती. "हत्यारं धुऊन आण रे. पूजेला बसवायचीत."

"आई, तासाभराचं काम राहिलंय."

"मग राहू दे की गाडी तशीच. काय पळतेय का ती?"

त्या घरची रीत अशी, की नवमीला एकदा हत्यारं पाटावर बसली, की दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पान्हे, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, झाडून सगळी. जॅकसुद्धा. आणि जॅक पूजेला न्यायचा तर गाडी खाली उतरवायला हवी, म्हणून थोरल्याने चाक परत चढवलं, चाकाचे नट मात्र नीट आवळले, आणि गाडी जमिनीवर टेकवली. चाकाखाली एक धोंडा सरकवला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काम झालं. आत तो नट दोन आट्यांवर तसाच होता; ब्रेक जोरात दाबला की ऑइल तिथूनच बाहेर पडणार.

थोरल्याने स्टेअरिंगला लाल फडकं बांधलं आणि हत्यारं घेऊन तो घरात गेला. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं हं. वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

दसऱ्याच्या सकाळी दोघा भावांनी गाडी धुतली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढे झेंडूचा मोठा हार घातला. थोरला नवा शर्ट घालून दोन पावलं मागे सरला आणि त्याने गाडीकडे पाहिलं. पिवळ्याधमक फुलांच्या मागे, काचेतून ते तेलकट फडकं दिसत होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दौलतराव दिसले. एकटे नाहीत, देवळात निघालेली चार माणसं बरोबर.

थोरल्याच्या मनात आलं, आता हे सगळे फडकं बघणार. बघितलं की हसणार. आणि मग वर्षभर ऐकवणार.

मग दुसरा विचार आला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सणाच्या दिवशी गाडी जाणार कुठे? उद्या सकाळी पान्हा हातात आला की आवळून टाकू.

त्याने दार उघडलं, फडकं सोडलं आणि नव्या शर्टाच्या खिशात कोंबलं. धाकटा घरात निरांजन आणायला गेला होता. कुणी पाहिलं नाही.

"काय रे, झाली का दुरुस्त?" दौलतरावांनी विचारलं.

"झाली म्हणजे? म्हणाल तर घाट उतरून दाखवतो!"

धाकटा ताट घेऊन बाहेर येत होता. त्याने ते ऐकलं आणि त्याची छाती फुगली. "आमच्या दादानं हात लावला म्हणजे झालीच समजा, काका!"

अरे, तेव्हा तरी सांगायचं होतंस! माणसं पुढे गेल्यावर धाकट्याला नुसतं बाजूला घ्यायचं, "गाडीला हात लावू नकोस" म्हणायचं. चार शब्दांचं काम. थोरल्याच्या मनात होतं ते. पण मग आरती झाली, नैवेद्य झाला, पानं वाढली गेली. श्रीखंड-पुरी अंगावर आली आणि थोरला ओसरीवर आडवा झाला.

दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. धाकट्याने उचलला. बहिणीचा होता. लेकराला घेऊन ती माहेरी यायला निघाली होती, पण घाटाच्या पायथ्याशी येऊन अडकली. "सणामुळे वरची एसटी रद्द झालीय रे. बाळ रडतंय. कुणी न्यायला येता का?"

"आलोच मी," धाकटा म्हणाला.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "दादाला उठवू का? गाडीचं काम राहिलं होतं ना?"

"कशाला? परवापासून खपलाय तो. झोपू दे. गाडी झालीय, सकाळी त्यानंच काकांना सांगितलं."

गाडीत बसताना त्याने आधी स्टेअरिंगकडे पाहिलं. तो नेहमीच पाहायचा. फडकं नव्हतं. सकाळी धुताना होतं, पण दादाने सोडलं म्हणजे काम झालं; कधी झालं, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. चाकाखालचा धोंडा त्याने पायाने सरकवला. अंगणात ब्रेक दाबून बघितला. जरा मऊ लागला, पण लागला. दादाने केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून तो निघाला.

स्टार्टरच्या आवाजाने थोरल्याची झोप चाळवली. इंजिन गल्लीच्या टोकाला पोचलं तेव्हा तो ताडकन उठून बसला. छातीवर हात गेला, शर्टाच्या खिशातलं फडकं हाताला लागलं. तो अनवाणी धावत सुटला. "थांब! अरे, थांब!" गल्लीतली माणसं बघत राहिली. त्यांना वाटलं, भावाभावांची चेष्टा चाललीय.

घाटाच्या तोंडाशी तो पोचला तेव्हा गाडीने पहिलं वळण घेतलं होतं. वरून त्याला ती स्पष्ट दिसत होती. मागचे लाल दिवे लागलेले होते. धाकटा ब्रेक दाबत होता. दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते, आणि गाडी काही थांबत नव्हती. दुसरं वळण तिने कसंबसं घेतलं. तिसरं नाही घेतलं.

पायथ्याशी बहीण बाळाला खांद्यावर थोपटत रस्त्याकडे बघत होती. ती संध्याकाळपर्यंत बघत होती.

धाकट्याला वर आणलं तेव्हा त्याच्या अंगावर झेंडूच्या पाकळ्या होत्या. मिस्त्रीने मोडलेली गाडी पाहिली, खाली वाकून नळी पाहिली आणि तो थोरल्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नटाला पान्हा लागलेलाच नाही रे. काम अर्धं होतं. फडकं नव्हतं का बांधलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आईचीही.

"मी तर बांधलं होतं," थोरला म्हणाला.

शब्द खरा होता. आणि त्याच्याइतकं मोठं खोटं त्या गावात कुणी बोललं नव्हतं.

मग काय, लोकांना तेवढंच हवं असतं. "थोरला बोलला ती नुसती बढाई, पण फडकं तर होतं ना? धाकट्यानं सोडलं असणार. उतावळाच होता." "बापाचा नियम मोडला, देवानं शिक्षा दिली." दहाव्याला तेच, बाराव्याला तेच. मेलेला माणूस काय उत्तर देणार! थोरला मान खाली घालून सगळं ऐकत होता. लोकांना वाटत होतं, बिचारा दुःखाने मुका झालाय.

तेराव्या दिवशी पानं उठली आणि बहीण आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. "माझ्यामुळं झालं गं हे. मी घाई केली म्हणून त्यानं फडकं सोडलं. नाहीतर तो कधी सोडणारा नव्हता. मी खाल्लं माझ्या भावाला!"

ते मात्र थोरल्याला ऐकवेना. तो आत गेला, खुंटीवरचा दसऱ्याचा शर्ट काढून आणला, आणि खिशातलं फडकं आईच्या पुढ्यात ठेवलं.

"त्यानं नाही सोडलं. मी सोडलं. दौलतकाकांनी हसू नये म्हणून."

आईने फडकं उचललं, हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हसले असते तर काय झालं असतं रे?" ती म्हणाली. "हसून घरी गेले असते. तू दुसऱ्या दिवशी नट आवळला असतास. माझं पोर जेवून झोपलं असतं." आणि मग तिचा आवाज फुटला. "मेलं ते मेलं, वर तेरा दिवस त्याला शिव्याही खायला लावल्यास!"

थोरल्याने पाय धरले. आईने पाय मागे घेतले. त्या दिवसापासून ती त्याला जेवायला वाढायची, पण त्याच्याशी बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही.

गाडी भंगारात गेली. थोरल्याने सगळी हत्यारं मिस्त्रीला देऊन टाकली आणि पुन्हा कशालाही पान्हा लावला नाही. आता खंडेनवमीला त्या घरात पाट मांडला जातो, रांगोळी घातली जाते, पण पाटावर हत्यार नसतं. एक लाल फडकं असतं, नीट घडी घातलेलं. शेजारपाजारची पोरं विचारतात, "हे काय हो?" तेव्हा थोरला त्यांना समोर बसवतो आणि हीच गोष्ट सांगतो. पहिल्यापासून सांगतो, एक शब्द गाळत नाही. कुणी सोडलं, हेही सांगतो.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: काम अर्धं राहिलं तर राहू द्यावं, पण ते राहिलंय हे चारचौघांत सांगायला लाजू नये. आपल्यावर डोळे झाकून विसंबणारा माणूस आपल्या लाजेची किंमत मोजतो.