आगंतुकाला गूळपाणी

“आणि तोच तोच शब्द पानोपानी आला, तर वाचणाऱ्यानं काय भिंतीवर डोकं आपटायचं, सर?”

श्रीरंग हुपरीकर पायऱ्या चढतानाच भांडायला लागला होता. चपला त्यानं काढल्या नाहीत, भिरकावल्या.

नेसरीकर सर ओट्यावर सूप घेऊन शेंगा फोडत बसले होते. गडहिंग्लजच्या तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली. यंत्राची माहितीपुस्तिका लिहावी कशी. त्या पोरांत श्रीरंग सगळ्यात हुशार, आणि हे त्याला कुणी सांगायची कधी गरज पडली नाही.

“कोण म्हणतं आपटायचं?” सर म्हणाले.

“तुम्हीच! एका वस्तूला एकच शब्द, हे तुम्हीच घोकून घेतलंत आमच्याकडून. असलं कोरडं ठाक कोण वाचतं हो? मी पुस्तिकेत भाषा आणली, सर. भाषा! वाचून लोकांनी फोन केले मला. आणि आता एका बाईला वाचता येत नाही, म्हणून मी गुन्हेगार?”

सरांनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

“कोणती बाई?”

आता बाईची गोष्ट अशी. श्रीरंगच्या कंपनीचं सॉफ्टवेअर एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवतं. ते दिसायला वेगळे, वागायला वेगळे, पण सगळे त्या एकाच्याच जिवावर. पोसणारा तो यजमान, आणि पोटातला प्रत्येक जण पाहुणा. पुस्तिकेत श्रीरंगनंच बसवलेले हे शब्द, आणि झकास बसवलेले. तालुक्याच्या रक्तपेढीत हेच सॉफ्टवेअर, आणि तिथं वैजयंता सोनटक्के नावाची ऑपरेटर होती. ती पुस्तिका समोर उघडी ठेवूनच काम करायची.

पहिल्या पाच प्रकरणांत पाहुणा हा पाहुणाच होता. सहाव्यात श्रीरंगला त्याचा कंटाळा आला.

“सहाव्यात काय लिहिलंस?” सरांनी विचारलं.

“एकदा अतिथी लिहिलं. एकदा आगंतुक.”

“वाक्य सांग.”

“ ‘आगंतुक नकोसा झाल्यास तो कायमचा पुसून टाकावा.’ ” श्रीरंगनं ते म्हटलंही झोकात.

वैजयंताला पडद्यावर एक असा पाहुणा दिसला होता, जो तिनं बसवला नव्हता. तिच्या आधीच्या माणसानं बसवलेला. तिनं सहावं प्रकरण वाचलं आणि तिला घाम फुटला. काहीतरी भलतंच घुसलंय मशीनमध्ये! पुस्तिकेत सांगितलं तसं तिनं ते पुसलं. त्यात रक्तदात्यांची नावं होती, फोन होते. दुर्मिळ गटाचं रक्त कोण देतं, ते सगळं त्यातच.

“आता रात्री-अपरात्री रक्त लागलं की पेढीची माणसं गावभर दारं ठोठावत फिरतात,” श्रीरंग म्हणाला. “आणि वर्तमानपत्रात आमच्या कंपनीचं नाव! उद्या चौकशी आहे. मी तिथं सांगणार, पुस्तिकेत काडीची खोट नाही. चौकशी करणारे साहेब तुमचे विद्यार्थी, सर. तुम्ही नुसता एक फोन…”

“तिची नोकरी?”

“जाईल बहुतेक. सध्या घरी बसवलंय तिला. त्याला मी काय करू?”

सर शेंगा फोडायचे थांबले…

तेवढ्यात काकू आतून आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गुळाची वाटी. “केव्हा आलास रे श्रीरंगा? उन्हाचा आलास. घे.”

श्रीरंगनं हात पुढे केला. सरांनी मध्ये आपला हात आडवा घातला.

“थांब गं. गूळपाणी पाहुण्याला देतात. हा आगंतुक आहे.”

श्रीरंगचा हात तसाच राहिला. कानशिलं तापली.

“काय म्हणालात?”

“आगंतुक.”

“मी? माझ्या लग्नाची पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी तुमच्या या दारात आणून दिली! काकूंच्या हातचं खाऊन शिकलो मी, आणि मी आगंतुक? दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा असं कुणी बोलत नाही, सर!”

“का रे, रागावलास?”

“रागावू नको तर काय पेढे वाटू? आगंतुक म्हणजे न बोलावता घुसलेला! नकोसा माणूस!”

“अस्सं. म्हणजे अर्थ माहीत आहे तुला.”

…

काकू तांब्या घेऊन तशाच उभ्या. श्रीरंगला कळलं नाही असं नाही. पण कळलं म्हणून राग जातो थोडाच? उलट चारचौघांत धोतर सुटावं तसा तो आणखीच पिसाळला.

“संदर्भ असतो, सर! शहाण्या माणसाला संदर्भानं कळतं!”

“तुला कळलं?” सरांचा आवाज आता चढला. “समोर गूळ होता, पाणी होतं, ही बया तुला बघून हसत होती. एवढा संदर्भ! तरी एका शब्दानं तुला मिरच्या झोंबल्या. तिच्यापुढे काय होतं रे? एक पडदा आणि तुझी पुस्तिका. तिनं तुझ्यावर विश्वास टाकला, हाच तिचा गुन्हा!”

“तिनं विचारायला हवं होतं कुणाला तरी…”

“गप्प बस!”

सरांचा मोकळा हात सुपावर बसला आणि ते उलटलं. टरफलं ओटाभर झाली. नेसरीकर सरांना असं ओरडताना श्रीरंगनं कधी पाहिलं नव्हतं.

“एक नाव ठेवायचं होतं, ते ठेवलं नाहीस. आणि आता तिला नावं ठेवतोस?”

श्रीरंग उभा होता तिथंच खाली टेकला, टरफलांतच. टरफलं चिवडत एकेक शब्द शोधायला लागला. शब्दांचा एवढा श्रीमंत माणूस…

शेवटी तो खाली बघत म्हणाला, “ठीक आहे. उद्या सांगतो, की लेखन विभागाकडून थोडी त्रुटी राहिली.”

“कोणाकडून?”

“म्हणजे… आमच्याकडून. संपादकीय अनवधान झालं.”

“आत्ता त्रुटी होती. लगेच अनवधान झालं?”

“मग उणीव म्हणू?”

काकूंनी तोंड फिरवलं. घरोघरी रक्तासाठी ठोठावली जाणारी दारं श्रीरंगला आता कुठं ऐकू यायला लागली होती, आणि घरी बसवलेली ती बाईही डोळ्यांपुढे आली. तिचा चेहरासुद्धा त्यानं पाहिलेला नव्हता.

“माझी…” तो म्हणाला.

“तुझी काय?”

“चूक.”

“सगळं एका दमात म्हण.”

“माझी चूक झाली.”

“परत.”

“माझी चूक झाली.”

“परत.”

“माझी चूक झाली.” त्याचा आवाज फुटला. “आणखी किती वेळा, सर? तोच तोच शब्द…”

काकूंच्या तांब्यापुढे अजून आडवाच असलेला हात सरांनी खाली घेतला.

“कंटाळा आला?”